खडशीची मावशी

लग्नकार्यात कुणी "तुम्ही काय करता?" असं विचारलं की माझ्याआधी माझे मिस्टरच सांगून टाकायचे, "सरकारी नोकरीत आहे." मी तोंड उघडलं तर भर पंगतीत माशांच्या बाळंतपणाच्या गोष्टी सुरू होतील, ही त्यांची भीती. ती खोटी नव्हती. आता मी निवृत्त झाले आहे, मिस्टरांनी हात टेकले आहेत आणि दिवाळी अंकवाल्यांनी आपणहून विचारलं आहे, तेव्हा मनसोक्त सांगते.

मी मूळची दुष्काळी कर्जतकडची. आमच्या गावाला नदी आहे, पण तिला पाणी आलं की लोक ते बघायला जायचे. अशा गावची मुलगी मत्स्यबीज केंद्रात लागली याचं सगळ्यांनाच हसू यायचं. धाकटा भाऊ विचारायचा, "ताई, तुला पोहता तरी येतं का?" अजूनही येत नाही. मासे वाढवायला पोहावं लागत नाही. कमरेइतक्या पाण्यात तासन् तास उभं राहता आलं आणि नंतर कंबर धरून बसता आलं की भागतं.

आमचं केंद्र संगमनेरच्या वरच्या अंगाला, प्रवरेच्या जवळ. मुख्य काम रोहू-कटल्याच्या बीजाचं. बीज म्हणजे माशांची बारीक पिल्लं. शेततळ्यावाले आणि धरणातले ठेकेदार ती नेतात, मासा भराभर वाढतो आणि बाजारात जातो. पण माझा जीव अडकला तो खडशीत. पुस्तकात तिला महाशीर म्हणतात. मोठाल्या खवल्यांची, सोनेरी अंगाची, जाड ओठांची ही सह्याद्रीतून निघणाऱ्या नद्यांची मूळची रहिवासी. प्रवरेत, मुळेत पूर्वी ती भरपूर होती असं म्हातारी माणसं सांगतात. मग धरणं झाली, वाळू गेली, पाण्यात सुरुंगाचे बार उडाले, बाहेरून आलेली चिलापी मासळी सगळीकडे माजली आणि खडशी दिसेनाशी झाली. तिची पिल्लं तयार करायची आणि पुन्हा नदीत सोडायची, हे काम शेवटची बरीच वर्षं माझ्याकडे होतं. विकायची नाहीत, खायची नाहीत, नुसती सोडायची. हे ऐकलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघायचे.

सोडायच्या बाबतीत काहींचा उत्साह मात्र दांडगा. नागापूरच्या एमआयडीसीत वर्कशॉप असलेले एक गृहस्थ एकदा बादलीत भलाथोरला काळा मासा घेऊन आले. घरातल्या काचेच्या टाकीत तो मावेनासा झाला होता. "मॅडम, तुमच्या माशांबरोबर ह्यालाही नदीत सोडा. मुक्या जीवाला मोकळं केल्याचं पुण्य लागेल." मी सांगितलं, हा परमुलखातला, नदीत गेला तर आपल्या माशांना जागा ठेवणार नाही. गृहस्थ चांगलेच दुखावले. शेवटी आमच्या एका पडीक टाकीत त्या माशाची सोय केली. तेव्हापासून ते दर रविवारी काकडीच्या चकत्या घेऊन त्याला भेटायला यायचे. अजून येतात म्हणे.

पण मला सांगायचं आहे ते ठकूबाईबद्दल.

मुळेच्या वरच्या खोऱ्यात, अकोले तालुक्यात, एक गाव आहे. नाव मुद्दाम सांगत नाही. छापलं की पुढच्या सुट्टीला गळवाले हजर होतील. गावाखाली नदीचा खोल डोह आहे आणि डोहाच्या काठाला देवीचं ठाणं. डोहातल्या खडश्या या देवीच्या लेकी. त्यांना कुणी धरत नाही, खात नाही, त्या काठावर कुणी कपडेही धूत नाही. नवस फेडायला येणारे लाह्या-फुटाणे टाकतात आणि हातभर लांबीच्या खडश्या पायांशी गोळा होतात. सगळ्या खोऱ्यातून गेलेली खडशी तिथं टिकली ती या रिवाजामुळे. त्यात आमच्या खात्याचा काडीचाही हात नव्हता.

ठाण्याची झाडलोट आणि दिवाबत्ती ठकूबाई करायची. सत्तरीची, किडकिडीत, आवाज मात्र पलीकडच्या डोंगरावर जाईल असा. पहिल्यांदा गेले त्या दिवशी मी काठावर बसून डोहात बघत राहिले आणि एक गोष्ट खटकली. मासे होते ते सगळे मोठे. बारकं एकही दिसेना. मी ठकूबाईला विचारलं.

"लेकी हायेत, नातवंडं न्हाईत," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. पावसुळ्यात पोटं भरत्यात, फुगत्यात, पुन्हा उतरत्यात. पिल्लू काय दिसत न्हाई."

कारण डोहाच्या वर दिसत होतं. खडशी डोहात अंडी घालत नाही. पावसाळ्यात ती डोहातून वर चढते आणि उथळ, वाहत्या, नितळ पाण्यात गोट्यांवर अंडी सोडते. ते गोटे आणि ती वाळू ट्रॅक्टरनं कधीच उचलून नेली होती. त्यातली थोडी तर देवीच्याच सभामंडपाच्या स्लॅबमध्ये गेली होती. मागे नुसता चिखल उरला होता. त्यातच दोन वर्षं पावसानं ओढ दिलेली, वरून येणारी धार बंद पडलेली. डोहातल्या माद्या उतारवयाला लागल्या होत्या. त्या गेल्या की डोह रिकामा आणि मुळेच्या त्या अंगाची खडशी कायमची संपली.

मला उपाय एकच दिसत होता. काही माद्या आणि नर केंद्रात न्यायचे, तिथं अंडी काढायची, पिल्लं वाढवून परत आणायची. गावाला हे सांगितल्याबरोबर सभामंडपात गलका झाला. देवीच्या लेकी टेम्पोत घालून नेणार? आमच्या साहेबांनी समजावलं, सरपंचांनी समजावलं. ठकूबाई खांबाला टेकून ऐकत होती. सगळे बोलून दमल्यावर तिनं तोंड उघडलं.

"बाळंतपन माहेरात व्हतं. ह्यांचं माहेर हितं. मग लेक घराभाईर काडायची कशापायी?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले.

नोकरीत शिकलेलं कुठलंच उत्तर त्या प्रश्नाला लागू पडत नव्हतं. माझ्याकडे होतं ते घरचं. माझं पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही. त्या वर्षी आमचं गाव टँकरवर जगत होतं. दारात दोन ड्रम आणि त्यात अख्खं घर. बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, बाळाचे कपडे धुवायचे, आल्यागेल्याला प्यायला द्यायचं, हे सगळं कुठून आणणार? आई बरेच दिवस मनाशी काहीतरी जुळवत राहिली आणि शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाई, माज्याकडं पानी न्हाई. तू मावशीकडं जा." मावशीचं घर राहुरीकडं, कॅनॉलच्या पट्ट्यात. मावशीनं तेल लावलं, शेक दिला, लाडू घातले, कशात कमी पडू दिलं नाही. आई एसटीनं येऊन नात बघून गेली. निघताना मावशीचा हात हातात धरून ती खूप रडली. नात झाल्याच्या आनंदाचं ते रडणं नव्हतं, एवढं मला तेव्हाही कळलं होतं.

हे मी त्या मंडपात सगळ्या गावासमोर सांगून बसले. मग म्हटलं, "आजी, माहेरी पाणी नसलं तर लेक मावशीकडं जाते. मला ह्यांची मावशी समजा."

ठकूबाई खांबापासून पुढे सरकली.

"मावशी म्हनून नेतीयास, तर जशी नेलीस तशी आनून घालशील?"

"घालीन," मी म्हटलं. आमच्या कामात असं वचन कुणी देत नाही. मागून साहेब खोकले, पण तोवर मी बोलून गेले होते.

न्यायच्या दिवशी बायकांना माशांना हळदकुंकू लावायचं होतं. मी हात जोडून नको म्हटलं, तर त्यांनी ते टेम्पोला लावलं. टेम्पो रफिकभाईचा. एरवी हा माणूस उसाच्या ट्रॉल्यांना वळणावर मागे टाकणारा. त्या दिवशी घाटात सगळ्या गाड्यांना हात करून पुढे सोडत होता. मी म्हटलं, "रफिकभाई, जरा वेग घ्या." तर म्हणाला, "मॅडम, पोटुशी लेकी हायेत मागं."

अंडी काढतात कशी, हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. मादी तयार झाली की नाही ते पोटावरून हात फिरवला की कळतं. मग तिला ओल्या फडक्यात धरायची आणि अंगठा पोटावरून हळूच शेपटीकडे न्यायचा. जोर जास्त झाला तर मादीला इजा, कमी झाला तर अंडी आतच. कोरड्या तबकात केशरी-पिवळ्या मण्यांसारखी अंडी पडतात. त्यावर नराचं दुधासारखं वीर्य घ्यायचं, कोंबडीच्या पिसानं अलगद मिसळायचं आणि मगच पाणी घालायचं. पुढे ती अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये पसरून ठेवतात. मेलेलं अंडं पांढरं पडतं आणि शेजारच्यांना बुरशी लावतं, म्हणून चिमटा घेऊन वेचत बसावं लागतं. तांदूळ निवडलेल्या हातांना हे काम चांगलं जमतं. आमच्या केंद्रातल्या पुरुषांना हे मान्य नव्हतं, तरी ट्रे मात्र ते मुकाट्यानं आम्हा बायकांपुढे सरकवायचे.

नेलेल्या माद्यांत सगळ्यात मोठी होती तिचा पाठीवरचा पंखासारखा पर फाटलेला होता. ठकूबाई तिला थोरली म्हणायची. थोरलीनं अंडी दिली आणि मला इतका आनंद झाला की मी ठकूबाईच्या सुनेच्या मोबाईलवर फोन करून सांगितलं, "आजींना सांग, बाळंतीण सुखरूप आहे."

एवढं बोलले नसते तर पुढचं घडलं नसतं.

दोनेक दिवसांनी दुपारी रफिकभाईचा टेम्पो केंद्राच्या फाटकातून आत आला. मागून ठकूबाई आणि गावातल्या बायका उतरल्या. हातात पितळेचे डबे, एकीच्या हातात तर चक्क झबलं-टोपरं. मी आत अंडी वेचत होते, मला पत्ता नाही. त्या थेट बाळंतिणींच्या टाकीपाशी गेल्या. डब्यात डिंकाचे लाडू होते, साजूक तुपातले. बाळंतिणीला द्यायचे तसे त्यांनी ते मायेनं फोडून फोडून टाकीत घातले.

मी बाहेर आले तेव्हा पाण्यावर तुपाचा तवंग पसरला होता. नेमकी वीज गेलेली, पंप बंद, टाकीत पडणारी धार थांबलेली. डोहात मूठभर लाह्या पडल्या तर काही बिघडत नाही, डोह केवढा तरी मोठा असतो. टाकीतलं पाणी कोंडलेलं आणि त्यावर तुपाचं झाकण. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते. थोरली एका कुशीवर झाली होती.

"आजी, जीव घेता का तिचा?" मी ओरडले. एवढ्या वडीलधाऱ्या बाईवर मी जन्मात कधी ओरडले नव्हते.

बायकांच्या हातातले डबे तिथंच राहिले. मी ऑफिसातली जुनी वर्तमानपत्रं आणवली आणि एकेक पान पाण्यावर पसरून तूप टिपून काढायला लावलं. बाकीच्यांच्या हाती बादल्या दिल्या. "साठवणीच्या टाकीतलं पाणी घ्या! डोक्यावर बादली धरून ओता! जेवढ्या उंचावरून पडेल तेवढी हवा मिसळेल पाण्यात!" त्या बायकांनी रांग लावली. रफिकभाई जनरेटरच्या दोरीला झोंबत होता आणि जनरेटर नुसता ठसकत होता. ठकूबाईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि सरळ टाकीत उतरली.

"कशी धरू?"

"तोंड पाण्याच्या धारेकडं करा. उभी धरा, दाबू नका."

तिनं थोरलीला दोन्ही हातांवर तोललं आणि तिच्या तोंडासमोर धार पडत राहील अशी उभी राहिली. वरून बादल्या ओतल्या जात होत्या, ठकूबाई डोक्यापासून भिजली होती आणि एकसारखी पुटपुटत होती, "दम धर माजी बाय. झालं, झालं. सोड श्वास. झालं." गावातल्या किती बायकांच्या उशाशी तिनं हे म्हटलं असेल कोण जाणे. मी शेजारी उभी राहून थोरलीच्या कल्ल्यांकडे बघत होते. ते आधी नुसते थरथरत होते. मग एकदा नीट उघडले, मिटले. पुन्हा उघडले. जनरेटर चालू झाला तेव्हा थोरलीनं शेपटीचा असा फटका मारला की ठकूबाई मागे भिंतीवर आदळली, आणि थोरली तळाला निघून गेली.

सगळ्या बायका एकदम हसायला लागल्या. ठकूबाई मात्र टाकीच्या कठड्यावर बसून राहिली. मी तिला चहा नेऊन दिला.

"आजी, मघाशी मी तुम्हाला बोलले..."

"बोलशील न्हाई तर काय करशील," ती म्हणाली. "मावशी हायेस. तुजा हक हाय."

थोरली वाचली. पण दुसरी एक मादी आठवड्याभरानं गेली. त्या दुपारमुळे गेली की माझ्या अंगठ्याचा जोर जास्त झाला म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही, आणि तो विचार मनातून जात नाही. जशी नेली तशी आणून घालीन म्हणाले होते. बर्फाच्या पेटीत घालून तिला गावी नेलं. वाटभर काय बोलायचं ते ठरवत होते आणि ठाण्यापाशी पोचल्यावर नुसती पेटी पुढे केली. ठकूबाईनं पेटी उघडली, खवल्यांवरून हात फिरवला.

"बाळंतपनात बाया जात्यात, मावशे. लेकरं हायेत का?"

"आहेत."

"मग रडू नगंस. त्यास्नी वाडव."

ठाण्यामागे चाफ्याच्या झाडाखाली हळदकुंकू वाहून तिला पुरलं. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. उलट जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. नोकरीत मला पाठीवरच्या थापा मिळाल्या तशी बोलणीही मिळाली, पण त्या दिवशीच्या नाचणीच्या भाकरीएवढं कशानं पोट भरलं नाही.

पाऊस झाला, डोह भरला, आणि थोरली बाकीच्यांबरोबर घरी गेली. पिल्लं माझ्याकडे राहिली. खडशीचं पिल्लू वाढतं अगदी सावकाश. ती मोठी होत होती त्या दिवसांत आम्ही गोणपाटाचा आडोसा करून त्यांना खाणं टाकायचो. माणसाची चाहूल लागली की जेवण मिळतं, हे त्यांच्या डोक्यात बसायला नको होतं. डोहात राहिली तर ठीक, पण डोहाच्या खाली नदीत उतरली की तिथला माणूस फुटाणे घेऊन येईलच असं नाही.

इकडे ठकूबाईनं आपलं काम चालवलं होतं. मी तिला सांगितलं होतं की वरचे गोटे राहिले नाहीत तर पुढच्या पिढीलाही मावशीकडेच यावं लागेल. तिनं गावात जाहीर करून टाकलं, डोहाच्या वरचं उथळ पाणी ही बाळंतिणीची खोली. तिथं परक्यानं पाऊल घालायचं नाही. आणि एके सकाळी ट्रॅक्टर उतरायच्या वाटेवर गोधडी टाकून बसली. ट्रॅक्टरवाला गावचाच, त्याच्या जन्माच्या वेळी ठकूबाईच हजर होती. त्यानं ट्रॅक्टर मागे घेतला. नंतर त्याच ट्रॅक्टरनं गावानं वरच्या ओढ्यातले गोटे आणून तिथं पसरले.

पुढच्या पावसाळ्यात पिल्लं घेऊन गेलो. प्राणवायू भरलेल्या पिशव्या आधी तशाच डोहात तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं गार होऊ द्यायचं, मग पिशवीत थोडं थोडं डोहाचं पाणी घ्यायचं आणि शेवटी तोंड खाली करायचं. बोटाएवढी पिल्लं बाहेर आली, क्षणभर थांबली आणि दगडांच्या सावलीत शिरली. काठावर बायका पाळणा म्हणत होत्या. ठकूबाई म्हणाली, "आली गं बाई नातवंडं." मी पदरानं डोळे पुसले आणि पुढची पिशवी उचलली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत बहुतेक पावसाळ्यांत हेच केलं. प्रत्येक वेळी मनात धाकधूक असायची, की ही मुलं मोठी होतील, पण पुढे त्यांचं काय? मी नसले की हे कोण करणार?

यंदा श्रावणात सकाळी पोळ्या लाटत होते तर फोन वाजला. ठकूबाई. आता ती स्वतःचा मोबाईल बाळगते आणि त्यातही डोंगरापलीकडे हाक मारल्यासारखीच बोलते.

"मावशे! थोरली वर चडलीया! गोट्यांत पोट घासतीया. तिच्या मागं नर हायेत, आन् आपली बारकीबी हायेत, तू सोडल्याली. आता काय बारकी राहिली न्हाईत ती. खाली गोट्यात समदी अंडी दिसत्यात, पिवळी पिवळी. सून म्हनली फोटू काडते. मी म्हनलं, बाळंतिनीचा फोटू काडू नगं."

मी हातातली पोळी तव्यावर टाकली आणि ती उलटायचं विसरले.

"मावशे, ऐकतीयास न्हवं? औंदा बाळंतपन माहेरातच हाय. तुला तरास न्हाई."

आई जाऊन बरीच वर्षं झाली. हे वाक्य तिला मला म्हणायचं होतं आणि कधी म्हणता आलं नाही. तव्यावरची पोळी करपली, मिस्टर स्वयंपाकघरात डोकावले आणि मला रडताना बघून गॅस बंद करून गेले. इतकी वर्षं मासे सोडले ते याच एका फोनसाठी, हे मला तेव्हा कळलं. आता त्यांना माझी गरज नव्हती. इतकं छान मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

"आजी, येते मी," मी म्हटलं. "डिंकाचे लाडू करून आणते. पण ते तुम्ही खायचे."